शेळी, पांढरी, तडकलेली

नोंदवहीत एवढंच आहे:
शेळी, पांढरी, चिनी माती, परदेशी.
पुढं वेगळ्या शाईत: तडकलेली.
त्याच्याही पुढं, माझ्या अक्षरात:
पुरात भिजली. पोटात गाळ.

त्या ऑगस्टात पाणी तिसऱ्या फळीपर्यंत चढलं.
कागदांचा लगदा झाला, पेंढा भरलेला तरस
फुगून टाक्यांत उसवला.
शेळी बसल्या जागी बसून होती,
करडू आचळाला, मान मागं वळवलेली.
भेगांतून कृष्णा आत शिरत होती
आणि ती करडाला चाटत होती.

पुण्याहून तज्ज्ञ आले. भिंग लावलं.
म्हणाले, सॅक्सनीच्या एका राजाला वेड होतं,
महालभर पांढरी जनावरं हवी होती, खऱ्याएवढी,
सिंह, मोर, गिधाड, गेंडा.
गेंडा तर घडवणाऱ्यानं पाहिलाच नव्हता.
आपल्याकडून गलबतात घातलेलं एक धूड,
पुढं कुठंतरी समुद्रात बुडालेलं;
त्याच्या ऐकीव चित्रावरून पाठीवर
एक शिंग जादा फुटलं.
तीनशे वर्षं होत आली.
तुमची शेळी त्यातली नव्हे.
मागाहून केलेली नक्कल असावी.
चहा अर्धा ठेवून गेले.

बेंदराच्या आदल्या दिवशी हरिपूरची अनसाबाई कुंभार
डोक्यावर मातीच्या बैलांची पाटी घेऊन
पाणी प्यायला आत आली.
तांब्या हातात तसाच.
कपाटाशी थबकली.
"उलटी करा की जरा."

तीस वर्षांच्या नोकरीत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
नियमात बसत नव्हतं.
केली उलटी.

पोटाखालच्या भोकात तिनं करंगळी घातली,
डोळे मिटून आत कुठंतरी चाचपलं.
"वाफंला वाट ठेवलीया. पर बारकी.
अंग लई जाड. वरनं वाळली, आतनं वलीच,
आन् मालकाला घाई."
राजाचं मी तिला काहीच बोललो नव्हतो.

म्हटलं, नक्कल आहे म्हणतात.
ती मानेपासून फऱ्यापर्यंत
नख फिरवत राहिली, सावकाश,
विकत घ्यायच्या जनावराचा जुना घाव बघावा तशी.
"असंल. पर भेग कुनाची नक्कल न्हाई.
ती हिची हिलाच पडलीया.
रातभर जागला असंल भट्टीपाशी,
आन् सकाळी दार काढलं तवा..."
पुढचं बोलली नाही.
पाटीतला एक बैल उगाच सरळ केला.

राजाचं नाव वहीत लिहून ठेवलंय मी,
गावाचं, नदीचंसुद्धा.
त्या सकाळी दार काढणाऱ्याचं
तज्ज्ञांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नव्हतं.

शेळी सरळ करताना टेबलावर
थोडा गाळ सांडला, करडा, भुरभुरीत.
अनसाबाईनं चिमूट नाकाशी नेली.
"जुन्या पेवांकडची. हळद हाय हिच्यात."
मी हुंगून पाहिलं. मला नुसती धूळ आली.

तांब्यातलं पाणी बोटानं लावून
तिनं त्या चिमटीचा लेप केला
आणि पाटीत एका बैलाचं मोडलेलं शिंग
होतं तिथं बसवलं, फुंकर घातली.
धरंल का, मी विचारलं.
"उद्यापुरतं. बैलाला उद्याच्या फुडं
काय करायचं हाय?"

गेली. दारातून आरोळी ऐकू आली, मग तीही नाही.
शेळीची मान पुन्हा मागं, करडाकडं.
मी वही उघडली, तारीख टाकली,
बराच वेळ टाक नुसता धरून बसलो.
मग लिहिलं:
गाळ, अंदाजे एक मूठ.
पैकी चिमूटभर बाहेर दिला.
परत येणे नाही.